मूल दत्तक घेताना नोकरीतील रजा आणि लाभ कसे मिळवावेत : कोकणातील नोकरदारांसाठी मार्गदर्शक

रत्नागिरीजवळच्या एका मासळी प्रक्रिया कारखान्यात मी लेखा विभागात काम करते, आणि माझे पती केंद्र सरकारच्या सेवेत आहेत. २०२३ च्या जुलै महिन्यात आमची मुलगी घरी आली, तेव्हा ती पाच महिन्यांची होती. पतींच्या कार्यालयात पंधरा दिवसांची रजा एका दिवसात मंजूर झाली, कारण तिथे त्यासाठी लिहिलेला नियम होता. माझ्या कारखान्यात मात्र असा अर्ज त्याआधी कोणीच केलेला नव्हता, त्यामुळे तो कोणत्या रकान्यात बसवायचा यावर तीन आठवडे विचार चालला. मूल एकच, घर एकच, तरी आई आणि वडील यांना दोन निरनिराळ्या नियमपुस्तिकांनुसार वागवले गेले. आम्हाला जे चाचपडत शिकावे लागले, ते रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या इतर आईबापांना आधीच ठाऊक असावे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

दत्तकाची प्रक्रिया कशी चालते याविषयी बरीच माहिती उपलब्ध असते. इथे मी फक्त त्या प्रक्रियेची नोकरीशी गाठ कुठे पडते, एवढेच सांगणार आहे.

१. तुम्हाला कोणता नियम लागू होतो, हे सर्वांत आधी ठरवा

शेजारणीला सहा महिने रजा मिळाली म्हणून आपल्यालाही मिळेल, असे गृहीत धरू नका. रजा मुलावरून ठरत नाही, नोकरीच्या प्रकारावरून ठरते.

केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना केंद्रीय नागरी सेवा (रजा) नियम, १९७२ मधील नियम ४३-ब नुसार १८० दिवसांची दत्तक अपत्य रजा मिळते. त्यासाठी मूल एक वर्षाच्या आतील असावे लागते आणि हयात अपत्ये दोनपेक्षा कमी असावी लागतात. ही रजा रजेच्या खात्यातून वजा होत नाही आणि रजेवर जाण्यापूर्वीचे वेतन पूर्ण मिळते. या रजेला जोडून खात्यावरील इतर देय रजाही घेता येते. एका वर्षातून मुलाचे वय वजा केल्यावर जो काळ उरतो, तेवढी तिची मर्यादा असते. मूल सहा महिन्यांचे असेल तर आणखी सहा महिन्यांपर्यंत आणि नऊ महिन्यांचे असेल तर तीन महिन्यांपर्यंत ही जोड मिळू शकते. ही तरतूद अनेकांना माहीत नसते, कारण अर्जाच्या छापील नमुन्यात ती नसते; ती स्वतःहून मागावी लागते.

पुरुष कर्मचाऱ्यांना केंद्र सरकारच्या नियमानुसार १५ दिवसांची पितृत्व रजा दत्तकासाठीही मिळते. तिथेही मूल एक वर्षाच्या आतील असावे लागते, आणि वैध दत्तकाच्या तारखेपासून सहा महिन्यांत ती न घेतल्यास ती संपते. मूल एक वर्षापेक्षा मोठे असेल तर दत्तक अपत्य रजा मिळत नाही. परंतु महिला कर्मचाऱ्यांना आणि एकल पुरुष पालकांना संपूर्ण सेवाकाळात मिळणारी ७३० दिवसांची बालसंगोपन रजा तेव्हा उपयोगी पडते. तिच्या पहिल्या ३६५ दिवसांना पूर्ण वेतन आणि पुढील ३६५ दिवसांना ८० टक्के वेतन मिळते.

राज्य शासनाच्या आणि जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांनी केंद्राचा नियम आपल्याला जसाच्या तसा लागू आहे असे समजू नये. त्यांच्यासाठी वित्त विभागाचे शासन निर्णय प्रमाण असतात. ते मराठीतच असतात आणि शासनाच्या संकेतस्थळावर ‘दत्तक’ हा शब्द घालून शोधता येतात. अर्जाला त्या निर्णयाची प्रत जोडली आणि अर्जात त्याचा क्रमांक व दिनांक लिहिला, की पंचायत समितीतील लिपिकाला तो शोधत बसावे लागत नाही आणि फाइल पुढे सरकते. राज्यातील महिला कर्मचाऱ्यांसाठी २०१८ पासून १८० दिवसांची बालसंगोपन रजाही आहे. तिचा हिशेब वेगळा ठेवावा.

खासगी कारखाने, कंपन्या, तसेच दहा किंवा अधिक कर्मचारी असलेली दुकाने व आस्थापना यांना मातृत्व लाभाचा कायदा लागू होतो. १९६१ च्या मातृत्व लाभ अधिनियमात २०१७ साली दुरुस्ती होऊन दत्तक घेणाऱ्या आईसाठी १२ आठवड्यांची भरपगारी रजा आली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली असून हीच तरतूद आता त्या संहितेच्या कलम ६० मध्ये आहे. तिच्या मजकुरातील एक अट इतकी महत्त्वाची आहे की तिच्याविषयी पुढे स्वतंत्रपणे लिहिले आहे.

तुमचे मासिक वेतन २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि पगारातून ईएसआयची कपात होत असेल, तर लाभाची रक्कम कारखान्याकडून मिळत नाही, ती कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडून थेट बँक खात्यात येते. त्यासाठी मागील दोन अंशदान कालावधींत मिळून किमान ७० दिवसांचे अंशदान भरलेले असावे लागते. हे कालावधी एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे असतात.

मासळी, काजू आणि आंबा प्रक्रियेच्या हंगामी कामावरील बहिणींनी या ठिकाणी विशेष लक्ष द्यावे. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असल्यामुळे आमच्यासारख्या कारखान्यांत कामाचे दिवस घटतात, आणि ठेकेदाराच्या हजेरीपटावरील बायकांचे दिवस तर सर्वांत आधी घटतात. मातृत्व लाभासाठी मागील बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेले असावे, अशी अट कायद्यात आहे. कामबंदीचे म्हणजे ले-ऑफचे दिवस आणि भरपगारी सुट्ट्याही या ८० दिवसांत मोजल्या जातात, ही गोष्ट ठेकेदार आपण होऊन सांगत नाही. म्हणून हजेरी कार्डाची प्रत आणि प्रत्येक महिन्याची पगाराची पावती स्वतःजवळ जपून ठेवावी.

२. तीन महिन्यांच्या अटीचा हिशेब नीट समजून घ्या

कायद्याच्या मजकुरात दत्तक आईची १२ आठवड्यांची रजा ‘तीन महिन्यांपेक्षा कमी वयाच्या’ मुलापुरती ठेवलेली आहे. पहिल्यांदा वाचताना ही अट साधी वाटते. दत्तकाचा कायदा तिच्या शेजारी ठेवून वाचला की अडचण दिसते.

टाकून दिलेले मूल सापडले, तर बाल कल्याण समितीला त्याच्या जन्मदात्यांचा शोध घ्यावा लागतो. दोन वर्षांपर्यंतच्या मुलाला दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त घोषित करण्याला बाल न्याय अधिनियमाने दोन महिन्यांची मुदत दिली आहे, आणि त्याहून मोठ्या मुलासाठी ती चार महिन्यांची आहे. आईवडिलांनी स्वतः समितीपुढे मूल सोपवले असेल, तर त्यांना निर्णय बदलण्यासाठी दोन महिने मिळतात. ही मुदत योग्यच आहे. कुणा आईला आपले मूल परत हवे असेल, तर तेवढा काळ तिचा हक्काचा आहे. त्यानंतर मुलाची माहिती ‘कारा’च्या, म्हणजे केंद्रीय दत्तकग्रहण संसाधन प्राधिकरणाच्या, पोर्टलवर येते, आपल्याला रेफरल, म्हणजे विशिष्ट मूल सुचवणारा प्रस्ताव, येतो, तो ४८ तासांत राखून ठेवायचा असतो, मग मुलाला भेटणे, वैद्यकीय तपासणीचा अहवाल आपल्या डॉक्टरांना दाखवणे आणि स्वीकृती देणे यासाठी ३० दिवसांपर्यंत वेळ असतो. दहा दिवसांचे सापडलेले बाळसुद्धा या सर्व पायऱ्या ओलांडून घरी येईपर्यंत तीन महिन्यांचे होऊन जाते. म्हणजे कायदा पाळून मूल घ्यावे, तर त्याच कायदा पाळण्यामुळे रजेचा हक्क हातून निसटतो.

आमच्या मुलीच्या बाबतीत हेच घडले. ती पाच महिन्यांची होती, म्हणून मला १२ आठवड्यांचा वैधानिक लाभ मिळणार नाही असे सांगण्यात आले.

या वयोमर्यादेला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले. त्यामुळे तुम्ही अर्ज कराल त्या दिवशी या अटीची कायदेशीर स्थिती काय आहे, हे कार्यालयाला लेखी विचारा आणि शक्य झाल्यास कामगार कायद्याच्या वकिलाकडून पडताळून घ्या. कार्यालयातील जुनी पुस्तिका किंवा ‘आमच्याकडे असेच चालते’ हे उत्तर पुरेसे मानू नका. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. कायदा किमान किती द्यायचे ते ठरवतो. कंपनीने अधिक देऊ नये असे तो कुठेही म्हणत नाही. अनेक कंपन्यांच्या धोरणात मुलाच्या वयाची अट नसते किंवा ती बरीच सैल असते.

३. रेफरल येण्याची वाट न पाहता कार्यालयाशी आधीच बोला

आमच्याकडून झालेली सर्वांत मोठी चूक हीच होती. पोर्टलवर नोंदणी करून आम्ही वाट पाहत राहिलो, आणि मूल मिळेल की नाही याचीच खात्री नसताना कार्यालयात कशाला बोलायचे, असा विचार केला. सासूबाईंचेही मत असेच होते की पाळणा घरात आल्याशिवाय बाहेर वाच्यता करू नये. त्यांची माया मी समजू शकते, पण रजेच्या बाबतीत हे मौन महाग पडले.

गरोदर स्त्रीच्या कार्यालयाला तयारीसाठी काही महिने मिळतात. दत्तकाची प्रतीक्षा काही वर्षांची असू शकते, आणि एकदा रेफरल आला की सगळे काही आठवड्यांत उरकावे लागते. म्हणून गृह अभ्यास अहवाल, म्हणजे सामाजिक कार्यकर्तीने आपले घर आणि कुटुंब पाहून तयार केलेला होम स्टडी, पूर्ण होताच मनुष्यबळ विभागाला ईमेलने कळवा. त्या ईमेलमध्ये तीन प्रश्न विचारा: आपल्या आस्थापनेत दत्तक अपत्यासाठी कोणती रजा आहे, तिच्यासाठी मुलाच्या वयाची अट काय आहे, आणि अर्जासोबत कोणती कागदपत्रे लागतील. उत्तर लेखी घ्या. प्रतीक्षेच्या काळात मनुष्यबळ अधिकारी बदलू शकतो, आणि तोंडी दिलेले आश्वासन त्याच्यासोबत निघून जाते. प्रत्येक कर्मचारी स्त्रीला नेमणुकीच्या वेळीच मातृत्व लाभांची माहिती लेखी आणि इलेक्ट्रॉनिक स्वरूपात देण्याचे बंधन २०१७ च्या दुरुस्तीने मालकांवर घातले होते, त्यामुळे ही विचारणा करताना संकोच वाटण्याचे कारण नाही.

लहान कारखान्यात धोरणच नसते. तिथे ते तयार करून घेण्याची संधी असते. मी उशिरा का होईना, व्यवस्थापनाला एक पानाचा प्रस्ताव दिला, त्यात कायद्यातील १२ आठवड्यांचा आधार दाखवला आणि मुलाच्या वयाची अट तीन महिन्यांऐवजी एक वर्ष करावी अशी विनंती केली. माझ्या अर्जापुरते ते अर्धेच मान्य झाले. पण हा प्रस्ताव एक वर्ष आधी दिला असता, तर तो पूर्ण मान्य झाला असता असे मला आजही वाटते, कारण तेव्हा त्यांच्यासमोर एक तातडीचा अर्ज नसता, विचार करायला वेळ असता.

४. कागदपत्रांची फाइल, आणि कार्यालयाला काय देऊ नये

पुढील कागदांच्या प्रत्येकी तीन प्रती आणि मोबाइलमध्ये स्कॅन करून ठेवा:

• ‘कारा’च्या पोर्टलवरील नोंदणीची पावती
• रेफरल स्वीकारल्याचा कागद (मुलाची ओळख सांगणारा भाग झाकून)
• दत्तकपूर्व संगोपनाचे, म्हणजे फॉस्टर केअरचे, हमीपत्र आणि दत्तकग्रहण संस्थेने मूल ताब्यात दिल्याचे पत्र, ज्यावर तारीख स्पष्ट असेल
• जिल्हाधिकाऱ्यांचा दत्तक आदेश, तो मिळाल्यानंतर
• मुलाचा जन्मदाखला, तो मिळाल्यानंतर
• मागील तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या आणि रजेच्या खात्याचा उतारा
• पती किंवा पत्नी दुसऱ्या कार्यालयात असल्यास, तिथे कोणती रजा घेतली आहे याचे पत्र

या यादीत तिसरा कागद सर्वांत मोलाचा आहे. मूल घेताना संस्थेच्या कार्यालयातच तो मागून घ्या; नंतर फोन करून मागवलेला कागद पावसाळ्यात पोस्टाने पोहोचायला वेळ लागतो.

आता काय देऊ नये, ते सांगते. मुलाच्या पूर्वायुष्याची माहिती, बाल अभ्यास अहवाल आणि वैद्यकीय तपासणीचा अहवाल हे कार्यालयात देऊ नका. रजा मंजूर करण्यासाठी त्यांची गरज नसते आणि दत्तकाच्या नोंदी गोपनीय असतात. मुलाची जन्मतारीख आणि ताब्यात दिल्याची तारीख, एवढ्यावर रजेचा निर्णय होऊ शकतो. आमच्याकडे एका कर्मचाऱ्याने सहज म्हणून संपूर्ण फाइलची छायाप्रत मागितली होती. मी नम्रपणे नकार दिला. आपल्या लेकीची गोष्ट कुणाला, केव्हा सांगायची, हे ठरवण्याचा अधिकार एक दिवस तिचा असणार आहे. तोपर्यंत ती कुणाच्या कपाटात पडून राहू नये.

५. रेफरल आल्यावरचे दिवस

रेफरल राखून ठेवल्यावर त्याच दिवशी कार्यालयाला कळवा की पुढील महिन्याभरात केव्हाही रजा सुरू होईल. स्वीकृतीनंतर साधारण दहा दिवसांत मूल दत्तकपूर्व संगोपनासाठी घरी येते.

कोकणातून पुण्याला किंवा घाटावरच्या दुसऱ्या शहरी जायचे असेल, तर प्रवासासाठी स्वतंत्र रजा धरा. आम्ही जुलैत निघालो तेव्हा आंबा घाटात दरडीमुळे वाहतूक थांबली होती आणि आम्हाला एक मुक्काम वाढवावा लागला. कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रकही वेगळे असते. हे दिवस किरकोळ रजेतून घ्या. दत्तकाच्या रजेचा पहिला दिवस मूल प्रत्यक्ष ताब्यात मिळाल्याच्या तारखेपासूनच मोजला जावा, याची काळजी घ्या. मुलाला भेटायला आधी एकदा जावे लागते, तेव्हाही दोन दिवस लागतात.

६. अर्ज लिहिताना ताब्याची तारीख आधार म्हणून लिहा

या पायरीवर सर्वांत जास्त अर्ज अडकतात. कार्यालय म्हणते, ‘दत्तक आदेश आणा, मग रजा मंजूर करू.’ मूल मात्र आदेशाच्या आधीच घरी आलेले असते. १ सप्टेंबर २०२२ पासून हे आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात आणि अर्ज दाखल झाल्यापासून दोन महिन्यांत तो निकाली काढावा असे कायदा सांगतो. आदेशाची वाट पाहिली, तर ज्या आठवड्यांसाठी रजा आहे तेच आठवडे निघून जातात. मूल घरात आल्यानंतरच्या पहिल्या रात्री, ते नवा आवाज आणि नवा वास ओळखू लागते ते दिवस, आदेश आल्यावर परत मिळत नाहीत.

म्हणून कायद्याचे शब्दच वापरा. खासगी आस्थापनांच्या तरतुदीत रजा ‘मूल आईच्या ताब्यात दिल्याच्या तारखेपासून’ मोजायची असे लिहिले आहे. अर्जाचा मजकूर असा ठेवता येईल:

‘विषय : दत्तक अपत्यासाठी रजा मिळण्याबाबत.
महोदय, बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ अन्वये चालू असलेल्या दत्तकग्रहण प्रक्रियेत विशेष दत्तकग्रहण संस्थेने दि. ……… रोजी बालक आमच्या ताब्यात दिले आहे. बालकाची जन्मतारीख ……… आहे. ताबा दिल्याच्या पत्राची प्रत सोबत जोडली आहे. जिल्हाधिकाऱ्यांचा दत्तक आदेश प्राप्त होताच त्याची प्रत सादर करण्याची मी हमी देते. तरी दि. ……… ते दि. ……… या कालावधीसाठी दत्तक अपत्याकरिता देय असलेली रजा मंजूर करावी, ही विनंती. ही रजा देय नसल्यास त्याचे कारण व लागू नियम लेखी कळवावा.’

शेवटचे वाक्य गाळू नका. लेखी कारण द्यायचे म्हटले की नियम खरोखर उघडून वाचला जातो. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. सरकारी नोकरीत नियमांची भाषा ‘वैध दत्तका’ची आहे, त्यामुळे तिथे दत्तकपूर्व संगोपनाच्या काळातील रजेबद्दल आस्थापना शाखेकडून आधीच लेखी स्पष्टीकरण घ्यावे.

मला एका वरिष्ठांनी विचारले होते, ‘बाळंतपण झालेले नाही, मग बाळंतपणाची रजा कशासाठी?’ त्यांचा हेतू वाईट नव्हता. मी त्यांना सांगितले की ही रजा माझ्या शरीरासाठी नाही, बाळासाठी आहे. पाच महिन्यांत तिने जी एक खोली आणि जे चार चेहरे ओळखले, ते एका दुपारी संपले. तिला पुन्हा कुणावर तरी विश्वास ठेवायला शिकायचे आहे, आणि त्यासाठी एकच माणूस दिवसभर समोर असावे लागते. असा प्रश्न तुम्हालाही येईल. उत्तर शांतपणे द्या.

७. वैधानिक रजा बसत नसेल तर रजांची जुळवणी

माझ्या बाबतीत शेवटी असे ठरले: कंपनीने सहा आठवड्यांची विशेष भरपगारी रजा दिली, माझ्या खात्यावरील ३० दिवसांची अर्जित रजा तिला जोडली आणि उरलेले तीन आठवडे बिनपगारी घेतले. पतींची १५ दिवसांची रजा मुद्दाम माझ्यासोबत घेतली नाही. ती मी कामावर रुजू झाले त्या दिवसापासून घेतली. सहा महिन्यांची मुदत असल्याने हे शक्य झाले, आणि त्यामुळे बाळ एकटे आजीवर सोपवण्याआधी घरात आणखी दोन आठवडे आईबापांपैकी एकजण राहिला. दोघेही नोकरी करणाऱ्या घरात अशी पाठोपाठ रजा घ्यावी, असा माझा स्पष्ट सल्ला आहे.

खासगी नोकरीतील वडिलांना पितृत्व रजा देण्याचे बंधन कोणत्याही केंद्रीय कायद्यात नाही. कंपनीच्या धोरणावर ते अवलंबून आहे. एकट्याने मूल दत्तक घेणाऱ्या पुरुषाला हे फार जाणवते, म्हणून त्याने अर्जित रजा साठवायला नोंदणीपासूनच सुरुवात करावी.

बिनपगारी रजेने भविष्य निर्वाह निधीचे त्या महिन्याचे अंशदान कमी होते आणि ईएसआयच्या दिवसांवरही परिणाम होतो. ती शेवटी ठेवा. नोंदणी झाल्यापासून अर्जित रजा खर्चू नका, गणपतीतली आणि शिमग्यातली सुट्टीसुद्धा शक्य तेवढी किरकोळ रजेतून भागवा. आमच्याकडे ऑगस्टमध्ये मासेमारी पुन्हा सुरू झाली की कामाचा ताण वाढतो आणि पाठोपाठ गणेशोत्सवासाठी निम्मा विभाग रजेवर जातो. तुमची रजा अशा काळात येणार असेल, तर तुमचे काम कोण पाहील हे स्वतःच सुचवून ठेवा, मंजुरी सोपी जाते.

८. नातेवाइकाचे मूल दत्तक घेतले असेल तर

कोकणात दिराचे किंवा भावाचे मूल दत्तक घेण्याची रीत जुनी आहे. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ नुसार केलेले दत्तक कायदेशीर आहे, मात्र घरात पूजा करून, नातेवाइकांना जेवण घालून भागत नाही. दत्तकपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. नोंदणीकृत दत्तकपत्र असले की दत्तक कायद्यानुसार झाले असे गृहीत धरले जाते आणि कार्यालयाला शंका घ्यायला जागा राहत नाही. सर्वसाधारणपणे मुलाचे वय पंधरा वर्षांपेक्षा कमी असावे लागते. दत्तकपत्रात मूल ताब्यात दिल्याची तारीख लिहायला विसरू नका.

रुग्णालयातून किंवा ओळखीच्या बाईकडून परस्पर बाळ आणणे हा गुन्हा आहे. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ८० नुसार त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. अशा बाळासाठी रजा, विमा, वारसनोंद यांतले काहीही मिळत नाही, आणि ते बाळ कधीही घरातून नेले जाऊ शकते.

९. रजेत असतानाच उरकायच्या नोंदी

समूह आरोग्य विम्यात मुलाचे नाव घालण्याची मुदत थोडी असते. आमच्या पॉलिसीत ती ३० दिवसांची होती. जन्मदाखला अजून आलेला नसतो, म्हणून ताब्याच्या पत्रावर तात्पुरती नोंद करून घ्यावी आणि तशी पोच ईमेलने मागावी. पॉलिसी ‘नवजात बालक’ असा शब्द वापरते आणि पाच महिन्यांचे मूल त्यात बसत नाही, असे उत्तर आले तर दत्तक अपत्याची स्वतंत्र तरतूद विचारा. ईएसआय असेल तर अवलंबितांमध्ये दत्तक अपत्य येते. कार्डावर नाव चढवून घ्या.

भविष्य निर्वाह निधीचे ई-नामनिर्देशन आणि उपदानाचे, म्हणजे ग्रॅच्युइटीचे, नामनिर्देशन नव्याने भरा. आधी कुटुंब नव्हते म्हणून भावाचे किंवा आईचे नाव लिहिलेले असते, ते तसेच राहून जाते. सरकारी सेवेत कुटुंबाच्या तपशिलात आणि सेवापुस्तकात नोंद करून घ्या. मुलाचे नाव सर्व ठिकाणी दत्तक आदेशात आहे तसेच लिहा. बारशाला ठेवलेले नाव वेगळे असेल, तर ते आदेशात येईल याची काळजी संस्थेमार्फत अर्ज जाण्यापूर्वीच घ्यावी.

१०. कामावर परतताना

पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय करण्याचे बंधन आहे आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येते. आमच्या भागात ते क्वचितच दिसते, पण मागणी लेखी करायला हरकत नाही. एकाच औद्योगिक वसाहतीतील दोन-तीन कारखान्यांनी मिळून पाळणाघर चालवावे, अशी सूचना आम्ही काही जणींनी दिली आहे. कामाचे स्वरूप तसे असेल तर रजेनंतर काही काळ घरून काम करण्याचीही तरतूद आहे, मात्र ती परस्पर संमतीने मिळते. हिशेबाचे काम असल्याने मला आठवड्यातून दोन दिवस तशी मुभा मिळाली.

रजा नाकारली गेली, किंवा रजेच्या काळात कामावरून काढण्याची भाषा झाली, तर लेखी नकार, अर्जाची शिक्का मारलेली प्रत आणि पगाराच्या पावत्या घेऊन जिल्ह्यातील कामगार विभागाच्या कार्यालयात लेखी तक्रार द्या. त्याआधी व्यवस्थापनाला एक स्मरणपत्र पाठवा. बहुतेक वेळा नियम माहीत नसल्याने नकार आलेला असतो आणि स्मरणपत्रासोबत कलमाची प्रत गेली की तो बदलतो.

मूल दत्तकपूर्व संगोपनासाठी घरी आल्यापासून दोन वर्षे, दर सहा महिन्यांनी, सामाजिक कार्यकर्ती घरी येऊन अहवाल तयार करते. म्हणजे चार भेटी, आणि त्या बहुधा कार्यालयीन दिवशीच असतात. आईवडील दोघे घरी असावेत अशी अपेक्षा असते, म्हणून दोघांनीही दरवर्षी दोन-दोन किरकोळ रजा त्यासाठी राखून ठेवाव्यात, आणि भेटीची तारीख ठरली की त्याच दिवशी अर्ज द्यावा.